जादूचे नियम आणि वाचकाची सचोटी

गेल्या वर्षीं एका पालकांनीं आमच्याकडे येऊन अशी तक्रार केली कीं, ख्रिस्ती शाळेच्या वाचनालयांत जादूच्या कादंबऱ्या ठेवणें योग्य नव्हे. त्याच आठवड्यांत बीजगणिताच्या तासाला नववींतील एक विद्यार्थी वहींत कांहीं भलतेंच लिहीत असलेला आम्हांस आढळला. वही उघडून पाहिली तों तींत समीकरणांच्या जागीं धातूंचें एक कोष्टक होतें: लोखंड, पोलाद, कथील, जस्त, पितळ, तांबें, कांसें. प्रत्येकापुढें त्याचा गुण लिहिलेला, आणि खालीं ‘अनुमान’, ‘पुरावा’ व ‘शंका’ अशा तीन मथळ्यांखालीं बारीक अक्षरांत भरलेलीं चार पानें. ज्या कादंबऱ्यांविषयीं तक्रार आली होती त्यांतीलच हा विषय होता. आम्हीं ती वही काढून घेतली व वर्गासमक्ष त्या मुलास रिकामटेकडा म्हटलें. तो शब्द आज आम्ही परत घेत आहों. तो कां परत घेतों हें सांगावें, आणि त्या निमित्तानें अशा वाचनाविषयीं आमचें मत मांडावें, एवढाच या लेखाचा हेतु आहे.

हीं पुस्तकें ब्रँडन सँडरसन या अमेरिकन ग्रंथकाराचीं आहेत. त्यांचा जन्म १९७५ सालचा. त्यांची पहिली कादंबरी ‘एलांट्रिस’ ही २००५ सालीं प्रसिद्ध झाली. ‘मिस्टबॉर्न’ या नांवाचे पहिले तीन भाग २००६ ते २००८ या काळांत निघाले. आणि २०१० सालीं ‘द वे ऑफ किंग्ज’ या ग्रंथानें आरंभ झालेल्या मोठ्या मालिकेचा पांचवा खंड २०२४ सालीं बाहेर आला. या कथा निरनिराळ्या ग्रहांवर घडतात. एकीकडे धातूंच्या योगानें सामर्थ्य येतें, दुसरीकडे हवेंत रेखिलेल्या चिन्हांनीं, तिसरीकडे शपथ घेऊन ती पाळल्यानें. वरवर पाहणाऱ्यास या कथांचा एकमेकींशीं कांहीं संबंध दिसत नाहीं. परंतु होइड नांवाचा एक भटक्या मनुष्य, कधीं भिकारी तर कधीं विदूषक होऊन, त्यांतील पुष्कळ पुस्तकांत डोकावून जातो. हें ज्यांच्या ध्यानांत आलें त्यांनीं प्रश्न केला कीं, मनुष्य जर एक तर विश्वहि एकच असलें पाहिजे. आणि विश्व एक, तर या सर्व जादूंचें मूळ एक कां नसावें? पुढें तें तसेंच निघालें. या विश्वास ग्रंथकार ‘कॉस्मियर’ म्हणतात. तेथें एक आदिशक्ति भंगून तिचे सोळा अंश झाले, आणि निरनिराळ्या जगांतील सामर्थ्यें त्या अंशांशीं जोडलेलीं आहेत, अशी त्याची बैठक आहे.

‘जादू’ हा शब्द ऐकतांच मंत्रतंत्र, अंगारे व उतारे आपल्या डोळ्यांपुढें येतात. येथें तसें कांहीं नाहीं. ‘मिस्टबॉर्न’ मधील कांहीं थोड्या माणसांस असें जन्मजात सामर्थ्य आहे कीं, त्यांनीं धातूचा कण गिळला असतां त्यापासून त्यांस एक विशिष्ट शक्ति मिळते. लोखंडानें धातूची वस्तु ओढतां येते, पोलादानें ढकलतां येते. कथिलानें डोळे व कान तीक्ष्ण होतात. जस्तानें दुसऱ्याच्या भावना भडकवितां येतात, पितळेनें त्या शांत करितां येतात. कोणी ही शक्ति वापरीत असल्यास तें कांशानें ओळखतां येतें, आणि तांब्यानें तें लपवितां येतें. पोलादाच्या बळानें नाणें ढकलणारा त्या नाण्याहून जड असेल तर नाणें उडून जातें. परंतु तें जमिनीस टेकलेलें असेल तर ढकलणाराच वर फेंकला जातो. आमच्या विद्यार्थ्यांस हें निराळ्या शब्दांत ठाऊक आहे. त्यास न्यूटनचा गतिविषयक तिसरा नियम म्हणतात. पोलाद हा लोखंडापासून होतो, पितळ जस्तापासून व कांसें तांब्यापासून. म्हणजे मूळ धातु व त्याचें मिश्रण अशी ही जोड्यांची व्यवस्था आहे. जेथें जोडी अपुरी दिसते तेथें कांहीं तरी शोधावयाचें राहिलें आहे, असें अनुमान वाचक करूं शकतो. दुसऱ्या भागांतील नायिका व्हिन हीहि तेंच करिते. ॲल्युमिनियमला जोडीदार असलाच पाहिजे असें धरून ती निरनिराळीं मिश्रणें करवून घेते, आणि तो तिला अखेर सांपडतो. मेंडेलीव यांनीं १८६९ सालीं मूलद्रव्यांचें कोष्टक मांडिलें. त्यांत ॲल्युमिनियमच्या खालीं त्यांनीं जी जागा रिकामी ठेविली तेथें बसणारें गॅलियम १८७५ सालीं सांपडलें. कादंबरींतील शोध कल्पित खरा, पण त्या शोधामागील विचाराची रीत कल्पित नव्हे.

ग्रंथकारांनीं २००७ सालीं एका निबंधांत आपला नियम सांगून ठेविला आहे. त्याचा आशय असा कीं, वाचकाला जादू जितकी समजली असेल तितकेंच जादूनें केलेलें संकटनिवारण त्याला समाधान देतें. सामर्थ्यापेक्षां त्याची मर्यादा अधिक महत्त्वाची, हा त्यांचा दुसरा नियम. अर्थात् ग्रंथकार येथें वाचकाशीं एक करार करितो. उत्तर तो आकाशांतून टाकणार नाहीं. तें आधींच पानांपानांतून पेरून ठेवील. ‘एलांट्रिस’ चेंच पाहा. (ज्यांना ती वाचावयाची असेल त्यांनीं या परिच्छेदाचा उरलेला भाग सोडून द्यावा.) त्या नगरींतील लोकांचीं चिन्हें दहा वर्षांपूर्वीं एकाएकीं निष्फळ झालीं. कां? तर तीं चिन्हें त्या देशाच्या आकाराशीं जोडलेलीं होतीं. भूकंपानें देशांत एक मोठी भेग पडली आणि चिन्हांत ती रेघ आलीच नाहीं. नकाशा बदलला, पण अक्षर जुनेंच राहिलें! देशाचा नकाशा पुस्तकाच्या आरंभींच छापलेला आहे. ज्यानें तो लक्षपूर्वक पाहिला त्याला कोडें सोडविण्यास वाव होता.

आतां त्या वहीकडे वळूं. आमच्या विद्यार्थ्यानें ‘मिस्टबॉर्न’ चे दोन भाग वाचले होते, तिसरा त्याला मिळालेला नव्हता. (येथेंहि वर दिलेली सूचना लागू आहे.) त्यानें पुरावा मांडिला होता तो असा. तांब्याच्या आवरणाआडची जादू कोणालाच ओळखतां येत नाहीं असें सारे मानतात, परंतु व्हिनला ती ओळखतां येते. तेव्हां तिच्याजवळ इतरांजवळ नाहीं असें कांहीं असलें पाहिजे. तिच्या कानांत आईनें घातलेली एक साधी बाळी आहे, आणि ती बाळी धातूची आहे. जें लिखाण धातूवर कोरलेलें नाहीं तें कोणती तरी दुष्ट शक्ति बदलून टाकते, असें दुसऱ्या भागांत दिसून येतें. म्हणजे धातूपुढें त्या शक्तीचें चालत नाहीं. यावरून त्यानें दोन अनुमानें केलीं होतीं. पहिलें, व्हिनचें अधिक सामर्थ्य त्या बाळींतून येतें. दुसरें, ती बाळी त्या दुष्ट शक्तीपासून तिचें रक्षण करिते.

वही आमच्या मेजाच्या खणांत पडून राहिली. सुमारें दोन महिन्यांनीं तो मुलगा आमच्याकडे आला. वही परत मागावयास आला असेल असें आम्हांस वाटलें. तो म्हणाला, “सर, वही तुमच्याजवळच राहूं द्या. मला फक्त एका पानावर दुरुस्ती करावयाची आहे. तिसरा भाग मिळाला. माझें एक अनुमान चुकलें आहे, आणि तें तसेंच लिहिलेलें राहिलें आहे.” आम्हीं वही पुढें केली. त्यानें जुनें वाक्य खोडलें नाहीं, रबरहि लाविलें नाहीं. समासांत तारीख घालून त्यानें लिहिलें: ‘पहिलें अनुमान बरोबर. दुसरें चूक. बाळी ही ढाल नव्हती, तें दार होतें. मेलेल्या भावाचा आवाज व्हिनला मनांत ऐकूं येई, हा पुरावा पहिल्या भागापासून समोर होता. मी तो धरला नाहीं, कारण तो माझ्या अनुमानास सोयीचा नव्हता.’

हें शेवटचें वाक्य वाचून आम्ही वरमलों. वीस वर्षें आम्ही वर्गांत गणित शिकवीत आलों आहों. उत्तर चुकलें कीं मुलें तें खरडून काढितात, वही नीटनेटकी दिसावी म्हणून पानच्या पान फाडतात, आणि शेजाऱ्याचें बरोबर उत्तर उतरून घेतात. आपण कोठें चुकलों व कां चुकलों हें समासांत लिहून ठेवणारा मुलगा आम्हांस क्वचितच भेटला आहे. आणि जो भेटला त्यास आम्हीं रिकामटेकडा म्हटलें होतें. त्या मे महिन्याच्या सुटींत आम्हीं तीनही भाग वाचले व मग वही पुन्हां एकदां पहिल्यापासून वाचली.

आतां पालकांच्या तक्रारीविषयीं. त्यांनीं प्रेषितांच्या कृत्यांतील १९ व्या अध्यायाचा आधार दिला होता. इफिसांतील जादूगारांनीं आपलीं ५०,००० रौप्य नाण्यांच्या किंमतीचीं पुस्तकें सर्वांसमक्ष जाळलीं, ही गोष्ट त्या अध्यायांत आहे. त्यांची कळकळ खरी होती, आणि आम्हीं तिचा अनादर केला नाहीं. परंतु तीं पुस्तकें जादू करण्याचीं होतीं व तीं जाळणारे स्वतः त्यांचे धनी होते. त्यांना पश्चात्ताप झाला होता. ‘मिस्टबॉर्न’ वाचून कोणी शहाणा मुलगा कथील गिळीत नाहीं. गिळील तर त्यास वैद्याची गरज लागेल, उपदेशकाची नव्हे. त्याच पुस्तकाच्या १७ व्या अध्यायांत बिरुयांतील लोकांची गोष्ट आहे. प्रेषितानें सांगितलें तें असेंच आहे काय, हें ते दररोज शास्त्रांत शोधून पाहत, आणि याबद्दल त्यांची प्रशंसाच केलेली आहे. ग्रंथ समोर ठेवून अनुमान ताडून पाहण्याची संवय ही बिरुयांतील लोकांची संवय होय. ती कादंबरीवर लागली म्हणून दूषित होत नाहीं. उलट, तेथें लागलेली संवय पुढें अधिक मोलाच्या ग्रंथाकडे वळविणें हें आम्हां शिक्षकांचें काम आहे.

तरी या वाचनांत धोके नाहींत असें आम्ही म्हणत नाहीं. पहिला धोका उतावळेपणाचा. सँडरसन यांच्या सभांस जाणारे वाचक त्यांना प्रश्न विचारून विचारून उत्तरें काढूं पाहतात, आणि त्या उत्तरांचे मोठे संग्रहहि झाले आहेत. पुष्कळदां ते हंसून एवढेंच सांगतात कीं, वाचा म्हणजे कळेल. ही रीत त्यांनीं रॉबर्ट जॉर्डन यांच्यापासून घेतली. जॉर्डन २००७ सालीं वारले आणि त्यांची अपुरी राहिलेली ग्रंथमाला सँडरसन यांनीं २००९ ते २०१३ या काळांत तीन खंडांत पुरी केली. आमच्या मतें तें उत्तर योग्य आहे. गणिताच्या पुस्तकाच्या शेवटीं दिलेलें उत्तर आधीं पाहणाऱ्यास गणित येत नाहीं.

दुसरा धोका हट्टाचा. एखादें अनुमान आपलें म्हणून प्रिय झालें कीं प्रत्येक पान त्याचीच साक्ष देतें असें भासूं लागतें, आणि जें साक्ष देत नाहीं तें दिसेनासें होतें. पुष्कळ वाचकांची या बाबतींत हातघाई होते, मैत्री तुटते, आणि अखेर ग्रंथकारालाच आपला ग्रंथ समजला नाहीं असें म्हणण्यापर्यंत मजल जाते. कोणता पुरावा पुढें आला असतां मी माझें अनुमान सोडीन, हा प्रश्न ज्यानें स्वतःस आधीं विचारला नाहीं, त्यानें अनुमान केलेंच नाहीं. त्यानें केवळ आपली आवड सांगितली.

तिसरा धोका सर्वांत सूक्ष्म आहे. प्रत्येक गूढ हें कोडेंच आहे अशी बुद्धीची समजूत होऊं लागते. टोल्किन यांचा ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ हा ग्रंथ १९५४ व १९५५ सालीं निघाला. त्यांतील टॉम बाँबडिल कोण, यावर वाचकांनीं आजवर पुष्कळ तर्क लढविले आहेत. परंतु हें एक गूढ आपण जाणूनबुजून तसेंच ठेविलें आहे, असें टोल्किन यांनीं १९५४ सालींच एका पत्रांत कळविलें होतें. सँडरसन यांचें विश्व घड्याळासारखें आहे. तें उघडून चाकें मोजावीं. टोल्किन यांचें विश्व अरण्यासारखें आहे. तेथें कांहीं ठिकाणीं नुसतें उभें राहावें. आपल्या स्वतःच्या जीवनांत तर दोन्ही प्रकार आहेत. चाकें कोणती आणि अरण्य कोणतें हें ओळखणें यासच आम्ही शहाणपण म्हणतों. देवाच्या कृपेचें कोष्टक कोणाच्याहि वहींत भरणार नाहीं.

सारांश, तीं पुस्तकें वाचनालयांतच राहावीं असें आम्हीं मत दिलें व तें मान्य झालें. ज्या पालकांनीं तक्रार केली होती त्यांना आम्हीं पहिला भाग वाचावयास दिला आहे. त्यांचें मत बदललें नाहीं तरी तें वाचून दिलेलें मत असेल, आणि त्याचा आम्ही मान राखूं.

विद्यार्थी मित्रहो, अनुमानें अवश्य करा. तीं पुराव्यासह लिहून ठेवा, आणि चुकलीं तर तीं खरडूं नका. समासांत दुरुस्ती करा. ती वही आम्हीं तिच्या धन्यास वर्गासमक्षच परत केली, कारण अपशब्दहि वर्गासमक्षच उच्चारला होता. बीजगणिताच्या तासाला मात्र बीजगणितच करावें, या नियमांत आम्हीं कांहीं दुरुस्ती केलेली नाहीं.