रक्त गळणारी अक्षरे

बारामती-इंदापूर रस्त्यावर लासुर्णे येथे आमची एस. टी. थांबली असता समोरच यात्रेतील एका खेळाचा भला मोठा फलक दिसला. काळ्या पटावर लाल, फाटकी, ओघळणारी अक्षरे: ‘भयंकर भूतबंगला’. शेजारच्या बाकावरील सहासात वर्षांच्या मुलाने मोठ्याने वाचले, ‘‘भुयंकर भूतबंगला!’’ वडिलांनी दटावले, तरी तो हटेना. ‘‘अण्णा, खाली उकार आहे की!’’ आम्ही निरखून पाहिले. पहिल्या ‘भ’च्या पायाशी रक्ताचा एक ओघळ वळून लोंबत होता. मुलाचे काय चुकले?

भय उपजविण्यासाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या या टंकांशी आमचा मूळ वाद हाच आहे. रोमन लिपीत अक्षराखालची जागा बहुतांशी मोकळी. तेथे थेंब गळाला तरी अर्थ बिघडत नाही. देवनागरीत ती जागा उकाराची आणि ऋकाराची. वरची मात्रेची, रफाराची, अनुस्वाराची. तेथे शाईचा एक शिंतोडा उडाला की ‘वश’चा ‘वंश’ होतो, आणि शिरोरेघ मधेच तुटली की एका शब्दाचे दोन. परक्या लिपीस शोभणारी तऱ्हा डोळे मिटून आपल्या लिपीवर ओतणाऱ्यांनी बाराखडी कधी गिरविली होती की नाही, अशीच शंका येते.

त्यातून, ही अक्षरे म्हणे हाताने काढलेली! फलकावरील दोन्ही ‘भ’ ताडून पाहावेत: तोच ओरखडा, तीच चीर, तेवढाच ओघळ. मनुष्याचा हात एकच चूक दोनदा हुबेहूब करीत नाही. एका अक्षराची तीनचार रूपे आळीपाळीने उमटावीत अशी सोय आज फॉन्टमध्ये करता येते. पण तेवढे कष्ट घ्यावयाचे कोणी? पूर्वी शिशाचा खिळा झिजला की छापखानेवाले तो वितळवून नवा ओतीत. आता झीजच विकत मिळते.

मग अक्षराने भिववूच नये काय? खुशाल भिववावे. १९२० सालच्या ‘डॉ. कॅलिगारी’ या जर्मन चित्रपटात वेडीवाकडी अक्षरे पडद्यावर हवेत उमटतात आणि अंगावर काटा येतो, कारण त्या पात्राच्या बुद्धीला पडलेला पीळच त्यांत उतरलेला असतो. आपल्याकडे २०२० साली दिवंगत झालेले कमल शेडगे यांनी मराठी नाटकांची कित्येक शीर्षके हाताने रेखाटली. ती त्या त्या नाटकाच्या अंगाची. दुसऱ्यास उसनी द्यावीत तर बसावयाची नाहीत. येथे मात्र भूतबंगला, रहस्यकथा आणि झणझणीत मिसळ या तिघांनाही एकच टंक पुरतो! मिसळीच्या फलकावरून रक्त गळताना पाहून ज्यास भूक लागत असेल त्याच्या जठराग्नीस आमचा नमस्कार.

गाडी निमगाव केतकीकडे निघाली तेव्हा अण्णांनी ‘‘ते भयंकरच आहे,’’ म्हणून पुन्हा बजावले. मुलाने मान हलविली, आणि खिडकीच्या धुळकट काचेवर बोटाने ‘भु’ गिरविला.