फाईल तुझ्या नावाची, मग वाचायची कुणी?



परवा बस्तीत एक काकू भेटल्या. लेकीच्या लग्नाला चौदा महिने झाले, जावई अमेरिकेत, लेक अजून माहेरीच. मी विचारलं, "काकू, फाईल कुठवर आली?" त्या म्हणाल्या, "शांतिविधान करून घेतलंय, आता बघू." मी परत विचारलं, "जावई तिथले नागरिक आहेत की ग्रीन कार्डवाले?" त्यावर काकू म्हणाल्या, "ते दोन्ही एकच की गं!"

एकच नाही काकू. आणि लेक चौदा महिने का थांबली आहे, याचं उत्तर बहुधा त्या एका प्रश्नातच आहे.

आपल्याकडे स्थळ आलं की पहिला प्रश्न चतुर्थ की पंचम. मग शेती किती, घर स्वतःचं का, पत्रिका जुळते का. परदेशातला मुलगा म्हटलं की मात्र आपले प्रश्न संपतात. "अमेरिकेत आहे" एवढ्यावर मांडव पडतो. खरं तर तिथे "आहे" म्हणजे तीन वेगळ्या गोष्टी असू शकतात. मुलगा नागरिक असेल तर बायकोच्या व्हिसाला वार्षिक संख्येची मर्यादा नाही. वेळ लागतो तो कागदपत्रांच्या तपासणीला. ग्रीन कार्डवाला असेल तर बायको एफ-2-ए नावाच्या रांगेत उभी राहते. त्या रांगेला दरवर्षीची मर्यादा असते आणि आपली तारीख आली का, हे दर महिन्याच्या व्हिसा बुलेटिनमध्ये बघावं लागतं. मध्येच तो नागरिक झाला आणि त्यानं तसं कळवलं, तर ती त्या रांगेतून बाहेर पडते. आणि मुलगा एच-1बी वर नोकरीला असेल तर बायकोला मिळतो एच-4. तो कायम राहायचा व्हिसाच नव्हे. त्यावर नोकरीची परवानगी सरसकट मिळत नाही. साधारणपणे नवऱ्याच्या ग्रीन कार्डाचा आय-140 हा टप्पा मंजूर झालेला असावा लागतो. इंजिनिअर झालेली आपली मुलगी तिथे घरात बसून राहते आणि आपण म्हणतो, "तिचं नशीब." हे नशीब नव्हे. आपण विचारलं नाही, एवढंच.

"मुलीकडच्यांनी असले प्रश्न विचारले तर स्थळ मोडेल," असं मला हमखास सांगितलं जातं. मोडू दे की! ज्या घराला साध्या प्रश्नाचा राग येतो, त्या घरात मुलगी सात समुद्रापलीकडे एकटी राहणार आहे.

आता विधानाबद्दल. मी पूजेच्या विरोधात नाही, माझ्याही घरी रोज अभिषेकाचं गंधोदक येतं. पण आपले देव वीतराग आहेत. ते प्रसन्न होऊन शिक्का मारत नाहीत आणि रागावून फाईल अडवत नाहीत. कर्म आपलं, पुरुषार्थही आपलाच, हे लहानपणी पाठशाळेत शिकलो आणि व्हिसा म्हटला की नारळ घेऊन पद्मावतीपुढे उभ्या राहिलो. नवस करायला वेळ आहे, पण नवऱ्यानं भरलेला आय-130 उघडून बघायला नाही!

माझ्या पुतणीची फाईल पाच महिने अडली. ग्रह आडवे आले नव्हते, नाव आडवं आलं होतं. लग्नात हौसेनं तांदळात नवं नाव लिहिलं, आधारवरही तेच चढवलं. पासपोर्ट माहेरच्या नावाचा. जन्मनोंदीत नावच नाही, नुसतं "मुलगी". आणि उपाध्येंनी लावलेल्या लग्नाची सरकारी नोंदणी कुणी केलीच नव्हती. हिंदू विवाह कायदा 1955 आपल्या जैनांनाही लागू आहे, आणि व्हिसासाठी पत्रिका किंवा अल्बम चालत नाही, नोंदणीचा दाखला लागतो. पाच महिने ती पोर नगरपालिकेच्या पायऱ्या चढत होती आणि घरात आम्ही बायका म्हणत होतो, "अजून गेली नाहीस?" मीही म्हटलं. त्याची मला आज लाज वाटते.

दुसरा सल्ला मिळतो तो शहाण्यांचा. "टुरिस्ट व्हिसावर जा, तिथेच राहा." "लग्नाची तारीख जरा मागची दाखवा." बायांनो, खोटं सांगून व्हिसा मिळवायचा प्रयत्न उघड झाला तर अमेरिकेचं दार कायमचं बंद होऊ शकतं. पण तो धाक बाजूला ठेवा. तत्त्वार्थसूत्रात सत्याणुव्रताचे पाच अतिचार सांगितले आहेत, त्यांत एक आहे कूटलेखक्रिया, म्हणजे खोटा कागद करणं. दशलक्षणात उत्तम सत्याच्या दिवशी उपवास करायचा आणि दुसऱ्या दिवशी एजंटाकडे खोटा दाखला मागायचा, हा कुठला श्रावकधर्म?

आणि आता ज्यासाठी हे लिहायला बसले, ते. आपल्याच एका मुलीला तिकडे नवरा सांगायचा, "तुझं कार्ड माझ्या सहीवर आहे. जास्त बोललीस तर परत पाठवीन." पासपोर्ट सासूच्या कपाटात. ती वर्षभर गप्प राहिली. त्याचं बोलणं अर्धं खरं होतं, म्हणूनच ते लागू पडलं. अमेरिकेत पाऊल ठेवताना लग्नाला दोन वर्षं झालेली नसतील, तर कार्ड दोनच वर्षांचं मिळतं. ते संपण्याआधीच्या 90 दिवसांत दोघांनी मिळून आय-751 भरायचा असतो. पण घटस्फोट झाला असेल किंवा नवऱ्याकडून छळ होत असेल, तर बायको एकटीही तो अर्ज करू शकते. हे अर्धं तिला कुणी सांगितलंच नव्हतं. नवऱ्यानं आय-864 वर सही करून तिच्या निर्वाहाची हमी सरकारला दिलेली असते आणि ती घटस्फोटानेही संपत नाही, हेही नाही. एका वकिलानं सांगितलं तेव्हा ती रडली. म्हणाली, "हे सगळं माझ्या फाईलमध्येच होतं?"

होतं गं बाई. पण ती फाईल सासऱ्यांनी भरली, दिरानं स्कॅन केली, एजंटानं पाठवली. तू फक्त सह्या केल्यास.

म्हणून मुलींनो, आणि मुलींच्या आयांनो, एवढं करा. लग्न ठरवण्याआधी मुलगा तिथे कोणत्या हक्कानं राहतो ते सरळ विचारा. लग्नाची नोंदणी त्याच महिन्यात करा. नाव बदलायचं असेल तर सगळीकडे बदला, नाहीतर कुठेच नको. डीएस-260 स्वतः भरा, निदान प्रत्येक ओळ वाचून मग पाठवा. मुंबईला बीकेसीत मुलाखतीला उभी तू राहणार आहेस, दीर नाही. सगळ्या कागदांची एक प्रत माहेरी ठेवा. पासपोर्ट स्वतःजवळ ठेवा, कुणी कितीही प्रेमानं "सांभाळून ठेवते" म्हटलं तरी.

आणि थांबलेल्या मुलीला "अजून गेली नाहीस?" असं विचारणं आजपासून बंद करूया. विचारायचंच असेल तर विचारा, "कुठला कागद अडलाय? मी येऊ का सोबत?"

रोज एक पान स्वाध्याय करतो ना आपण? मग चार महिने या फाईलचाही करा.

जय जिनेंद्र.