साठीच्या बाईला 'वृद्धा' कोणी ठरवले?

संपादक महोदय,


या आठवड्यात आपल्या ठाणे-डोंबिवलीच्या पानावर साखळीचोरीची बातमी आली. मथळा होता, 'वृद्धेचे मंगळसूत्र हिसकावले'. खाली बातमीत त्या बाईंचे वय ५९. त्या कामावरून घरी परतत होत्या, हेही त्याच बातमीत छापले आहे. रोज लोकलने जाऊन नोकरी करणारी ५९ वर्षांची बाई आपल्या बातमीदाराला वृद्धा वाटली, हे वाचून संताप आला. साठी ओलांडलेल्या आमदाराचा उल्लेख 'वृद्ध आमदार' असा झालेला माझ्या तरी वाचनात नाही. मग हे विशेषण आमच्याच नावाला का?

मी ६१ वर्षांची आहे. दिव्यात राहते आणि ठाण्यात एका दुकानाचे हिशेब लिहिते. सकाळी दिव्याच्या फलाटावर लेडीज डब्यासमोर उभे राहून बघा. रुग्णालयातल्या आया, पोळ्या लाटायला जाणाऱ्या, ऑफिसांची साफसफाई करणाऱ्या, पन्नाशी-साठीच्या कितीतरी बायका तिथे असतात. कल्याणकडून येणारी गाडी आधीच भरलेली असते, दारातल्या बायका आत सरकत नाहीत. म्हणून कित्येकजणी आधी उलट्या दिशेने डोंबिवली गाठतात आणि तिथून रिटर्न येतात. चौथी सीट मिळाली तरी नशीब. एका खांद्याला पर्स, दुसऱ्या हातात डबा, अशा अवस्थेत चालत्या गर्दीत पाय रोवणाऱ्या या बायकांना वृद्धा म्हणायचे?

हा नुसत्या मानापमानाचा प्रश्न असता तर मी पत्र लिहिले नसते. या शब्दामुळे काम जाते. सफाईच्या कामाला माणसे पुरवणारे कंत्राटदार अठ्ठावन्नच्या पुढच्या बाईला 'आता तुमचं वय झालं' म्हणून घरी बसवतात. घरी बसून खायचे काय? श्रावणबाळ योजनेचे महिन्याचे १,५०० रुपये ६५ व्या वर्षानंतर, तेही कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न २१,००० रुपयांच्या आत असेल तर. भविष्यनिर्वाह निधीचे किमान निवृत्तिवेतन १,००० रुपये, तेही जिचा फंड कापला गेला तिलाच. म्हणजे जिचा फंड कापला गेला नाही, तिला अठ्ठावन्नला काम सुटले की पासष्टीपर्यंतची सात वर्षे पेन्शन नाही. कामाला नको इतकी म्हातारी आणि पेन्शनला नको इतकी तरुण, अशी बाईची गत होते. वर्तमानपत्राने साठीच्या आतच वृद्धा ठरवले की त्या कंत्राटदाराचे म्हणणे आपोआप खरे ठरते.

सरकारचे तरी एकमत कुठे आहे? २००७ च्या कायद्यात ज्येष्ठ नागरिक ६० वर्षांचा. राज्याच्या धोरणात आधी ६५ होते, २०१८ मध्ये ६० केले. एसटीचे ज्येष्ठांचे अर्धे तिकीट अजूनही ६५ ला, ७५ नंतर प्रवास मोफत. प्राप्तिकरात ६० ला ज्येष्ठ, ८० ला अतिज्येष्ठ. लाडकी बहीण योजनेत तर ६५ पर्यंतच्या बायका बसतात. यातल्या एकाही ठिकाणी ५९ ला वृद्ध ठरवलेले नाही. एसटीत मार्च २०२३ पासून बाईला बाई म्हणून अर्धे तिकीट मिळते, वय विचारत नाहीत. त्या सवलतीचा आम्हाला सर्वांत जास्त आनंद का झाला, ते यावरून कळावे.

रेल्वेचे तर विचारूच नका. बायकांना ५८ व्या वर्षापासून लांबच्या गाड्यांत ५० टक्के आणि पुरुषांना ६० पासून ४० टक्के सवलत होती. मार्च २०२० मध्ये करोनाचे कारण सांगून ती बंद केली. करोना गेला, गाड्या भरभरून धावू लागल्या, सवलत काही परत आली नाही. आरक्षण करताना ज्येष्ठ म्हणून आमचे वय नोंदवून घेतात आणि भाडे मात्र पूर्ण घेतात. कोकणात गावी जाणाऱ्या दिवेकरांच्या खिशाला याची झळ बसते. खासदारांनी यावर बोलावे, सहा महिन्यांनी एकदा तरी बोलावे.

शेजारची मुले मला आजी म्हणतात, भाजीवाला मावशी म्हणतो. त्यात आपलेपणा आहे, माझी काही तक्रार नाही. बातमीतले 'वृद्धा' अनोळखी माणसाने लांबूनच लिहिलेले असते आणि ते वाचून दुसरे अनोळखी लोक आमची किंमत ठरवतात.

आपल्याकडे वय छापलेले असतेच. '५९ वर्षीय महिला' एवढे लिहिले की वाचकाला सगळे कळते. 'वृद्ध' आणि 'वृद्धा' हे शब्द मथळ्यांतून काढून टाकावेत, निदान ज्यांना अजून रोज सकाळी गाडी पकडायची आहे त्यांच्या बाबतीत तरी, अशी आपल्याला कळकळीची विनंती आहे.

– एक वाचक, दिवा (पूर्व)