बॉक्सवर लिहिलंय ‘८ चॅनेल’, मग लॅपटॉपमध्ये दोनच ट्रॅक का येतात? घरच्या रेकॉर्डिंगसाठी मिक्सर घेण्याआधी हे वाचा

मोबाईलवर ‘मिक्सर’ असं सर्च करून बघा. आधी काय दिसतं? तीन जारचा, ७५० वॅटचा, खोबऱ्याची चटणी वाटणारा मिक्सर. बरंच खाली गेलं की रंगीत बटणांचा दुसरा मिक्सर दिसायला लागतो.

आपण बोलणार आहोत त्या दुसऱ्या मिक्सरबद्दल.

कारण लॉकडाऊननंतर घरोघरी एक कोपरा तयार झालाय. कुणी पॉडकास्ट करतंय, कुणी गाण्याचे ऑनलाइन क्लास घेतंय, कुणी अभंगाची रील टाकतंय. सुरुवात मोबाईलच्या माईकवर होते, मग एक बरा माईक येतो आणि मग कुणीतरी सांगतं, “एक छोटा मिक्सर घेऊन टाक, आवाज एकदम स्टुडिओसारखा येईल.”

माझ्या मावसभावानेही हेच ऐकलं. त्यांची गावाकडे छोटी भजनी मंडळी आहे. गायक, हार्मोनियम, पखवाज आणि टाळ. वर्गणी काढून आठ चॅनेलचा मिक्सर आणला, चार माईक लावले, दोन तास मन लावून रेकॉर्डिंग केलं. घरी येऊन ऐकलं तर पखवाज इतका मोठा की बुवांचे शब्दच ऐकू येईनात.

त्याने मला फोन केला. “अगं, पखवाजाचा आवाज तेवढा कमी कसा करायचा?”

उत्तर होतं, नीट करता येणार नाही. चौघांचा आवाज लॅपटॉपमध्ये एकाच फाईलमध्ये मिसळून आला होता. चहात साखर विरघळल्यावर ती वेगळी काढायची कशी?

“पण बॉक्सवर आठ चॅनेल लिहिलंय ना?” हो, लिहिलंय. आणि ते खोटंही नाही. गोंधळ नेमका कुठे होतो, तेच समजून घेऊ.

आधी थोडा इतिहास

ऑक्टोबर २०२५ मध्ये ‘स्प्रिंगस्टीन: डिलिव्हर मी फ्रॉम नोव्हेअर’ नावाचा हॉलिवूडपट आला. अमेरिकन गायक ब्रूस स्प्रिंगस्टीन यांनी १९८२ मध्ये ‘नेब्रास्का’ हा अल्बम कसा केला, त्याची ही गोष्ट.

तेव्हा ते न्यू जर्सीतल्या कोल्ट्स नेक इथे भाड्याच्या घरात राहत होते. बेडरूममध्ये दोन साधे माईक आणि टॅस्कॅम कंपनीचं ‘पोर्टास्टुडिओ १४४’ नावाचं मशीन. साध्या कॅसेटवर चार वेगवेगळे ट्रॅक रेकॉर्ड करणारं आणि सोबत छोटा मिक्सर असलेलं हे मशीन १९७९ मध्ये बाजारात आलं होतं.

स्प्रिंगस्टीन आधी गिटार आणि आवाज रेकॉर्ड करायचे. मग उरलेल्या ट्रॅकवर माउथ ऑर्गन, दुसरा आवाज वगैरे चढवायचे. हे फक्त बँडला ऐकवण्यापुरतं कच्चं काम होतं. पण नंतर बँडसोबत स्टुडिओत वाजवून बघितलं तर ती मजा येईना. शेवटी बेडरूममधलं रेकॉर्डिंगच अल्बम म्हणून आलं.

यातली लक्षात ठेवायची गोष्ट एकच. ४५ वर्षांपूर्वीचं ते कॅसेट मशीन चार ट्रॅक वेगळे ठेवायचं. आज मिळणारे बरेचसे छोटे यूएसबी मिक्सर, चॅनेल कितीही असले तरी, कॉम्प्युटरला फक्त दोन ट्रॅक देतात. डावा आणि उजवा.

असं का होतं?

मिक्सरचं मूळ कामच मिसळणं आहे. तो कार्यक्रमासाठी जन्माला आलाय. स्टेजवर सहा माईक असतील, तर त्यांचे आवाज कमी-जास्त करून एकत्र करायचे आणि स्पीकरकडे पाठवायचे. तिथे वेगळं काही ठेवायची गरजच नसते.

पुढे त्याच मिक्सरला यूएसबीचं सॉकेट जोडलं गेलं. बहुतेक स्वस्त मॉडेलमध्ये हे सॉकेट सगळं मिसळून झाल्यानंतरच्या टप्प्यावर बसवलेलं असतं. म्हणजे तयार भाजी डब्यात भरून मिळते. मीठ जास्त झालं तर झालं.

उदाहरण बघा. यामाहाचा एमजी१०एक्सयू हा लोकप्रिय मिक्सर आहे. नावात १० आहे, इनपुट खरंच १० आहेत. पण त्यात माईक लागतात चार. बाकीचे तीन स्टिरिओ जोड आहेत, ते कीबोर्डसारख्या वाद्यांसाठी, आणि प्रत्येक जोड दोन म्हणून मोजला जातो. चार अधिक सहा, झाले १०. आणि यूएसबीतून कॉम्प्युटरकडे जातात दोन.

यात कंपनीने काही लपवलेलं नाही. माहितीपत्रकात ‘२ इन, २ आउट’ असं स्पष्ट लिहिलेलं असतं. आपण ती ओळ वाचत नाही, बॉक्सवरचा मोठा आकडा वाचतो.

म्हणजे दुकानात विचारायचे तीन आकडे वेगवेगळे आहेत: एकूण चॅनेल किती, त्यात माईक किती लागतात आणि यूएसबीतून वेगळे ट्रॅक किती जातात. आपल्या कामाचा पहिला आकडा नाही, उरलेले दोन.

मग कुणी काय घ्यावं?

प्रश्न एकच विचारा. एकाच वेळी किती जणांचा आवाज वेगळा हवाय?

१. तुम्ही एकटेच गाता किंवा वाजवता: तुम्हाला बहुधा मिक्सरची गरजच नाही. ऑडिओ इंटरफेस नावाची छोटी डबी पुरते. फोकसराइटच्या स्कार्लेट २आय२ सारख्या इंटरफेसमध्ये दोन माईक लागतात आणि दोन्ही वेगळे रेकॉर्ड होतात. आधी गिटार, मग आवाज, मग कोरस, असे थरावर थर चढवत जायचं. ‘नेब्रास्का’ याच पद्धतीने झाला.

२. लाइव्ह स्ट्रीमिंग किंवा ऑनलाइन क्लास: इथे छोटा मिक्सर खरा उपयोगी. सगळं जागेवर मिसळून लगेच पाठवायचंय, नंतर एडिटिंग नाही. यात ‘लूपबॅक’ आहे का बघा. लूपबॅक म्हणजे लॅपटॉपवर वाजणारा ट्रॅक आणि तुमचा माईक, दोन्ही एकत्र समोरच्याला ऐकू जाणं. यामाहाचा एजी०३एमके२ अशाच कामासाठी बनवलाय.

३. दोघांचा पॉडकास्ट: दोन ट्रॅकवाला मिक्सरही चालतो. एका माईकचा ‘पॅन’ पूर्ण डावीकडे फिरवा, दुसऱ्याचा पूर्ण उजवीकडे. आता डाव्या ट्रॅकवर तुम्ही आणि उजव्यावर पाहुणा. पाहुणा खोकला तरी तुमचं वाक्य वाचतं. एडिटिंगच्या वेळी दोन्ही ट्रॅक परत मध्ये आणायला विसरू नका, नाहीतर ऐकणाऱ्याच्या एकाच कानात एक माणूस बोलत राहील.

४. तीन-चार जण एकत्र, म्हणजे भजनी मंडळ, बँड, मोठ्या गप्पा: इथे ‘मल्टिट्रॅक’ मिक्सरच लागतो. झूमचा लाइव्हट्रॅक एल-८ किंवा टॅस्कॅमचा मॉडेल १२ एसडी कार्डवर प्रत्येक चॅनेल वेगळा साठवतात, लॅपटॉप नसला तरी. अर्थात किंमत साध्या मिक्सरच्या कितीतरी पट जाते.

इथे एक खरं सांगायला हवं. मल्टिट्रॅक घेतला तरी दहा बाय दहाच्या खोलीत पखवाजाचा आवाज गायकाच्या माईकमध्ये शिरणारच. वेगळा ट्रॅक म्हणजे पूर्ण वेगळा आवाज नाही. माईक तोंडाजवळ आणि पखवाजवाले जरा लांब बसवणं, हे काम कुठलंही मशीन करत नाही.

फक्त रियाजासाठी हवा असेल तर?

मग साधा, यूएसबी नसलेला मिक्सरही मस्त चालतो. एका चॅनेलला माईक, दुसऱ्याला इलेक्ट्रॉनिक तानपुरा, तिसऱ्याला मोबाईलवरचा तबला आणि सगळं हेडफोनमध्ये. तानपुरा थोडा वर, तबला थोडा खाली, असा तोल हाताने साधता येतो.

हेडफोन का? तर भारतातल्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. रात्र म्हणजे १० ते सकाळी ६. ऑफिसवरून आठला घरी येणाऱ्याने रियाज करायचा कधी? कीबोर्ड किंवा इलेक्ट्रिक गिटारवाला हेडफोन लावून रात्री १२ वाजताही वाजवू शकतो. गाणाऱ्याचं थोडं अवघड आहे, गळ्याला हेडफोनचं सॉकेट नसतं. पण निदान तबला-तानपुऱ्याचा आवाज तरी शेजारी जात नाही.

मिक्सरचा आणखी एक फायदा म्हणजे आवाज लगेच ऐकू येतो. लॅपटॉपमधून फिरून आवाज परत आला की उशीर होतो, त्याला ‘लेटन्सी’ म्हणतात. ४८ किलोहर्ट्झवर २५६ सॅम्पलचा बफर ठेवला तर एका बाजूलाच ५ मिलिसेकंदांहून थोडा जास्त वेळ जातो. जाऊन-येऊन तो १० च्या वर जातो आणि ताल पक्का असलेल्याला तो खटकतो. साध्या मिक्सरमध्ये आवाज कॉम्प्युटरपर्यंत जातच नाही, थेट कानात येतो.

त्यामुळेच ब्लूटूथ हेडफोन इथे वापरू नका. त्यांचा उशीर याहून कितीतरी मोठा असतो. वायरवालाच घ्या.

बटणं दिसतात, पण सापळे दिसत नाहीत

फँटम पॉवर: कंडेन्सर माईक चालायला ४८ व्होल्ट लागतात, ते मिक्सर देतो. काही अगदी छोट्या मॉडेलमध्ये ते नसतं किंवा कमी व्होल्टचं असतं. तुमचा माईक डायनॅमिक असेल तर याची गरज नाही.

इफेक्ट: ‘इको’चं बटण सगळ्यांना आवडतं. पण दोन ट्रॅकवाल्या मिक्सरवर इको लावून रेकॉर्ड केलं तर तो फाईलमध्ये कायमचा बसतो. हेडफोनमध्ये हवा असेल तर ठेवा, रेकॉर्डिंगमध्ये नको. तो नंतर सॉफ्टवेअरमध्ये लावता येतो, नीट काढता मात्र येत नाही.

लाल दिवा: तो लागला म्हणजे आवाज फाटला किंवा फाटायच्या बेतात आहे. फाटलेला आवाज नंतर नीट दुरुस्त होत नाही. सगळ्यात मोठ्या सुराला कॉम्प्युटरवरचा मीटर उणे १२ ते उणे ६ डेसिबलच्या आसपास राहील, एवढाच गेन ठेवा.

मोबाईलला जोडणं: काही मिक्सर यूएसबीतूनच वीज घेतात. लॅपटॉप ती देतो, फोनला ती कधी कधी झेपत नाही. फोनवरच काम करणार असाल तर वेगळं अडॅप्टर लावता येतं का, ते विचारा.

व्होल्टेज: परदेशातून कुणी आणून देणार असेल तर अडॅप्टरवर वाचा. आपल्याकडे २३० व्होल्ट आहे, अमेरिकेत १२०, जपानमध्ये १००. चुकीचं अडॅप्टर लावलं तर पहिल्याच दिवशी धूर निघू शकतो.

तो ‘घूं’ आवाज कुठून येतो?

नवा मिक्सर लावला आणि मागे सतत ‘घूं’ येतंय? मिक्सर खराब आहे असं लगेच समजू नका. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, तिचीच ती गुणगुण असते. मिक्सर आणि लॅपटॉप वेगवेगळ्या प्लगवर असले, की ती बऱ्याचदा सुरू होते.

आधी लॅपटॉपचा चार्जर काढून बघा. आवाज गेला तर चोर सापडला. मग सगळं एकाच एक्स्टेंशन बोर्डवर घ्या आणि माईकला तीन पिनांची एक्सएलआर वायर वापरा.

एक गोष्ट मात्र कधीच करू नका. ‘घूं’ घालवायला प्लगची अर्थिंगची पिन काढून टाकायचा सल्ला हमखास कुणीतरी देतं. ती पिन आवाजासाठी नाही, तुमच्या जिवासाठी आहे. जुन्या घरात अर्थिंगच नसेल तर मिक्सरच्या आधी वायरमनला बोलवा.

पैसे कुठे घालायचे?

बजेट ठरलेलं असेल तर सगळं मिक्सरवर उडवू नका. माईक, स्टँड, वायर आणि हेडफोन यांचे पैसे आधी बाजूला काढा. राहिलेल्यात मिक्सर किंवा इंटरफेस. आणि खोलीला पडदे, गाद्या, गोधड्या लावून बघा. उघड्या भिंतींवरून घुमणारा आवाज महागड्या मिक्सरनेही जात नाही, गोधडीने बराच जातो.

मुंबईत लॅमिंग्टन रोड, पुण्यात बुधवार पेठ इथे प्रत्यक्ष बघून घेता येतं. जाताना स्वतःचा माईक आणि हेडफोन घेऊन जा. माईक लावा, कुणीही न बोलता गेन वाढवा आणि ‘सूं’ किती येते ते ऐका. आणि पक्कं बिल घ्या, नाहीतर वॉरंटीला अर्थ राहत नाही.

राहता राहिला मावसभाऊ. त्याने मिक्सर विकला नाही, नवा घ्यायला पैसेही नव्हते. आता ते आधी हार्मोनियम आणि बुवांचा आवाज घेतात, एक डावीकडे, एक उजवीकडे. मग पखवाजवाले हेडफोन लावून तेच ऐकत साथ करतात आणि सगळ्यात शेवटी टाळ. एका अभंगाला आता अर्ध्या तासाऐवजी दोन तास लागतात. पण परवा त्याने पाठवलेल्या रेकॉर्डिंगमध्ये बुवांचा शब्द न् शब्द ऐकू येत होता.