जाहीर आवाहन : लग्नपत्रिकेला ॲप लागत नाही

अँड्रॉइड फोनमध्ये ॲप प्ले स्टोअरमधून घेता येते, तसेच ते 'एपीके' प्रकारच्या फाइलीतून थेटही बसवता येते. ही सोय मुळात वाईट नाही. एफ-ड्रॉइडसारखे मुक्तस्रोत ॲपचे भांडार याच सोयीवर चालते. मात्र ही वाट आता ठगांच्या पायाखालची झाली असून, ऐन लग्नसराईत लग्नपत्रिकेच्या आणि एरवी आरटीओ चलान किंवा पीएम किसानच्या नावाने अशा फाइली व्हॉट्सॲपवर फिरत असतात. पाठवणारा अनेकदा ओळखीचा असतो, कारण ज्याचा फोन आधी ताब्यात गेला त्याच्याच नावाने फाइल पुढे जाते. म्हणून 'भावकीतूनच आली' एवढ्यावर तिच्याविषयी खात्री बाळगता येत नाही.

2017 साली आलेल्या अँड्रॉइडच्या आठव्या आवृत्तीपासून, फाइल ज्या ॲपमधून उघडली जाते त्याला अनोळखी ॲप बसवण्याची वेगळी परवानगी द्यावी लागते. हा इशारा घाईत ओलांडला गेला की नवे ॲप एसएमएस वाचण्याची मुभा मागते आणि खरा घात तिथेच होतो. कारण बँकेचा ओटीपी, म्हणजे एका व्यवहारापुरता असलेला गुप्त अंक, एसएमएसने येतो आणि खातेदाराने तो पाहण्यापूर्वीच परस्पर ठगाकडे पोचतो. 'ॲक्सेसिबिलिटी'ची परवानगीही मिळाली, तर पडद्यावरचा मजकूर वाचता येतो व बटणेसुद्धा दाबता येतात. दृष्टिहीनांना फोन वापरता यावा म्हणून केलेल्या सोयीचा हा वापर विशेष संतापजनक आहे.

लग्नपत्रिका चित्र किंवा पीडीएफ म्हणून येते आणि दंडाची थकबाकी परिवहन विभागाच्या ई-चलान संकेतस्थळावर पाहता येते. दोन्हींसाठी आलेली एपीके फाइल उघडण्याची गरज नसते. घरातील तरुणांनी आई-वडिलांच्या फोनमध्ये व्हॉट्सॲपला अनोळखी ॲप बसवण्याची परवानगी दिलेली असल्यास ती आजच बंद करावी आणि गटांच्या ॲडमिननी अशी फाइल दिसताच काढून टाकावी.

ॲप बसवले गेलेच असेल, तर फोनचे इंटरनेट तोडून दुसऱ्या फोनवरून प्रथम बँकेला व लगेच 1930 या सायबर मदत क्रमांकावर कळवावे. रिझर्व्ह बँकेच्या जुलै 2017 च्या परिपत्रकानुसार, ग्राहकाच्या निष्काळजीपणातून झालेले नुकसान बँकेला कळवेपर्यंत ग्राहकाच्या आणि त्यानंतरचे बँकेच्या माथी पडते. त्यामुळे फसवले गेल्याची लाज बाळगून कोणीही ही गोष्ट घरच्यांपासून वा बँकेपासून एक तासही दडवून ठेवू नये.