मेस लावण्याआधी

प्रवेशाच्या फेऱ्या संपत आल्या की कराडच्या एसटी स्टँडवर गादीची वळकटी, बादली आणि पत्र्याची पेटी घेऊन उतरलेले बाप-लेक दिसू लागतात. कृष्णेचा पूल ओलांडला की विद्यानगर. तिथं शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय आहे, १९६० सालचं. त्याच्या आसपास फार्मसी, सायन्स, आर्ट्‌स, सगळंच. इकडं हायवेला मलकापुरात मेडिकलवाले. खोलीचा प्रश्न दुपारपर्यंत सुटतो, कॉट बेसिसवर कुठं ना कुठं जागा निघतेच. पोटाचा प्रश्न मात्र पोरगं एकटं सोडवत बसतं आणि त्यात पहिलं सेमिस्टर जातं.

ओळखीपाळखीतून असे बाप माझ्याकडं येतात. “जेवायला चांगलं कुठं मिळतंय?” मी त्यांना उलटा सवाल करतो, की तुमचा मुलगा उद्या परत यावा अशी गरज कोणाला आहे? जिथं आहे, तिथं जेवू द्या. जिथं नाही, तिथं पाहुण्यासारखं जावं आणि लवकर निघावं.

ही कसोटी लावली की अर्धं गाव आपोआप बाद होतं. स्टँडच्या आजूबाजूची हॉटेलं बाद, कारण तिथल्या गिऱ्हाइकाची गाडी लागलेली असते आणि ते पुन्हा कधी दिसणार नसतं. पुणे-बंगळूर महामार्गावरची झगमगीत फॅमिली हॉटेलंही बाद. तिथल्या मेन्यू कार्डावर पनीरचे पंधरा प्रकार दिसतात, पण आत भटारखान्यात पातेली तीनच असतात, लाल ग्रेव्ही, पिवळी ग्रेव्ही आणि पांढरी ग्रेव्ही. हंडी म्हणा, तुफानी म्हणा, नाव बदलतं आणि वर किसलेलं चीज बदलतं. मित्राचा वाढदिवस असेल तर जा. रोजचं जेवण म्हणून तिकडं वळू नका.

हायवेला एक अपवाद आहे, अख्खा मसूर. कराड-इस्लामपूर पट्ट्यातल्या ढाब्यांनी या कडधान्याला जी प्रतिष्ठा दिली ती दुसरीकडं क्वचितच मिळाली असेल. मटकीसारखे मोड आणायची वाट बघावी लागत नाही, भिजवायचीही फारशी गरज नाही. कांदा, टोमॅटो, कांदा-लसूण मसाला आणि हात सोडून तेल. एका प्लेटीत तिघं, रोट्या आपापल्या, वर कच्चा कांदा. महिनाअखेरीला इंजिनिअरिंगची पोरं याच हिशेबानं जगतात. फक्त दाणा बघायचा. तो अख्खा दिसला पाहिजे आणि बोटानं दाबला की मोडला पाहिजे. सगळंच पिठूळ झालं असेल तर कालचं पातेलं आज पाणी घालून उकळलंय असं समजा.

आता मुख्य विषय, खाणावळ. पोरं मेस म्हणतात. विद्यानगर-सैदापूरच्या गल्ल्यांत घराच्या पुढच्या खोलीत चार टेबलं टाकून चालणाऱ्या मेस आहेत. बहुतेक ठिकाणी स्वयंपाक बाई करतात, हिशेबाची वही नवरा नाहीतर मुलगा बघतो. सकाळी भाजी, चपाती, आमटी, भात, संध्याकाळी तेच, भाजी बदलून. बुधवारी अंडाकरी. रविवारी दुपारी फीस्ट, म्हणजे काहीतरी गोड किंवा चिकन, आणि रविवारी रात्री मेस बंद. हा बंद बऱ्याच ठिकाणी पाळला जातो. रविवारी रात्री चायनीजच्या गाड्यांवर गर्दी उसळते ती त्यामुळंच.

मेस लावायची असेल तर रविवारची फीस्ट खाऊन ठरवू नका. त्या दिवशी सगळेच सुगरण असतात. मंगळवारी रात्री नऊला जा, पाहुणा म्हणून एका ताटाचे पैसे द्या. उशिरा आलेल्याला काय वाढतात ते बघा. चपाती तव्यावरची आहे की दुपारच्या डब्यातली? आमटी संपत आली म्हणून तिच्यात तांब्या ओतला जातोय का? आणि ‘खाड्या’चा नियम आधीच विचारा. गावी गेलात तर न जेवलेल्या दिवसांचे पैसे वळते होतात का, किती दिवस सलग गेलं तर होतात, आदल्या दिवशी सांगावं लागतं का. मेसवाले आणि पोरं यांच्यातली भांडणं मिठावरून कमी आणि खाड्यावरून जास्त होतात.

सोड्याची अफवाही ऐकाल. भूक मरावी म्हणून मेसवाले भातात सोडा घालतात, असं आमच्या वेळची पोरं सांगायची, आजचीही सांगतात. डाळ लवकर शिजावी म्हणून चिमूटभर सोडा टाकणारे असतात, नाही असं नाही. पण दुपारी दीडला तीन वाट्या भात हाणल्यावर लेक्चरला जी झोप येते तिला सोडा लागत नाही.

या तालुक्यात शिक्षण आणि भाकरी वेगळी कधी नव्हतीच. रयत शिक्षण संस्था स्थापन झाली ती १९१९ साली, याच कराड तालुक्यातल्या काले गावी. पुढं साताऱ्यात संस्थापक कर्मवीर भाऊराव पाटलांच्या बोर्डिंगात धान्य संपलं तेव्हा त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी दागिने मोडून मुलांना जेवू घातलं, शेवटी मंगळसूत्रही दिलं. विद्यानगरातलं १९५४ चं रयतचं कॉलेज गाडगे महाराजांच्या नावानं आहे. ते तर सांगत, जेवायचं ताट मोडा, भाकरी हातावर घेऊन खा, पण पोरांना शिकवा. त्यांच्या नावाच्या कॉलेजातली पोरं आज ताटात चपाती गार आली म्हणून मेस बदलतात. बदलू द्या, एवढी चैन पदरात पडावी म्हणूनच तो सगळा खटाटोप होता.

बाकीचं पटकन सांगतो. मिसळ सकाळी अकराच्या आत खावी. तोपर्यंत कट ताजा असतो आणि मालक मागेल तितका वाढतो. संध्याकाळच्या मिसळीच्या वाटेला जाऊ नये. चायनीजच्या गाडीवर शेजवानचा रंग बघण्यापेक्षा कढईतलं तेल बघा. काळं आणि फेसाळ दिसलं तर ‘ट्रिपल राईस’चा मोह आवरा. प्रीतिसंगमावर संध्याकाळी भेळ जरूर खा, कृष्णा-कोयना समोरासमोर येऊन भेटतात तो घाट भेळेशिवाय बघू नये. मात्र पावसाळ्यात पाणीपुरी नको, काविळीनं सेमिस्टर बुडालेली मुलं दर वर्षी बघतो. पडदे लावलेले छोटे ‘कॅफे’ निघालेत, तिथं खायला कुणी जातच नाही, त्यामुळं चवीबद्दल मत नाही. आणि वडापाव कागदात बांधून देत असतील तर तो वर्तमानपत्राचा नसावा. छपाईची शाई पोटात जाते म्हणून अन्नपदार्थ वर्तमानपत्रात गुंडाळायला २०१८ च्या नियमांनी बंदी आहे. हे सदर उद्या कोणत्या भजीखाली जाणार याची मला कल्पना आहे, तरीही सांगतो.

एका मेसवाल्या बाईंना मी विचारलं होतं, मुलांचा सर्वांत जास्त त्रास कशाचा? मला वाटलं, नखरे सांगतील. त्या म्हणाल्या, परीक्षा संपली की काही पोरं मागच्या महिन्याचे पैसे न देता गावाला जातात, फोन उचलत नाहीत. किराणावाला मात्र पहिल्या तारखेला दारात असतो. चौथ्या वर्षाचा शेवटचा पेपर झाला की ती पोरं परत यायचा प्रश्नच उरत नाही. माझी कसोटी अशी दोन्ही बाजूंना लागू होते. तेव्हा मुलांनो, जेवण आवडलं नसेल तर तोंडावर सांगा, दुसऱ्या महिन्यापासून मेस बदला. पण गावची एसटी पकडण्याआधी वही बघून बाकी चुकती करा.