भरलेला भाग वेगळा दाखवा



हल्ली ग्रुपवर जुन्या भग्न मूर्तींचे ‘पूर्ण केलेले’ फोटो फिरतात. एका बाजूला तुटलेलं नाक, झिजलेले डोळे. शेजारी तीच मूर्ती नवी कोरी. खाली आपण सगळ्या हात जोडतो. मला हे तंत्र आवडतं, आणि त्याची धास्तीही वाटते.

आवडतं ते एवढ्यासाठी की दगडाला कुणी हात लावत नाही. ग्वाल्हेरच्या गोपाचलावरच्या तीर्थंकरांच्या प्रचंड मूर्ती सोळाव्या शतकात बाबराच्या हुकमाने फोडल्या गेल्या. पुढे श्रावकांनी काही मुखं गिलाव्याने पुन्हा घडवली. भक्ती खरी होती, पण तुटलेला मूळ दगड त्याखाली गेला. आमच्या राजूरच्या चुनाभट्ट्या पाहिलेल्यांना ठाऊक आहे, चुना एकदा धरला की सोडत नाही. संगणकात मात्र सगळ्या बाजूंनी काढलेले शेकडो फोटो जुळवून मूर्तीची त्रिमिती आकृती उभी करतात आणि भर घालायची ती त्या आकृतीत. चुकलं तर पुसता येतं.

जिनमूर्ती या कामाला सोपीही आहे. पद्मासनात डावी-उजवी बाजू जवळजवळ सारखी, म्हणून डावा गुडघा गेला असेल तर उजवा आरशासारखा उलटवून बसवता येतो. पण आसनावरचं लांछन झिजलं असेल तर? सिंह की बैल, म्हणजे महावीर की आदिनाथ, हे उलटवून कळत नाही. सापाच्या फणा पाच असतील तर बहुधा सुपार्श्वनाथ, सात असतील तर पार्श्वनाथ. तुटलेल्या फणा मशीनने अंदाजाने लावल्या, तर भगवंतच बदलले! वेरूळच्या जैन लेण्यांत (३० ते ३४) बाहुबली आहेत. त्यांच्या अंगावरच्या वेली भेगा समजून कुणी साफ केल्या तर उरलं काय?

आणि डोळे कसे, कमरेला वस्त्राची खूण आहे की नाही, हे तर आपल्याकडे फार नाजूक. विदर्भातल्याच शिरपूरला अंतरिक्ष पार्श्वनाथांच्या लेपावरून आपल्या दोन आम्नायांत वाद झाला. १९८१ पासून कुलूप होतं, ते २०२३ मध्ये सुप्रीम कोर्टाच्या आदेशानंतर निघालं. कोणाचं बरोबर, यात मी पडत नाही. पण असा निर्णय मोबाइलमधल्या अ‍ॅपने दोन सेकंदांत घ्यावा आणि आपण तो फॉरवर्ड करावा, हे मला पटत नाही.

मी कॉमर्सवाली. तेरीज जुळली नाही तर फरक सस्पेन्स खात्यात टाकायचा, विक्रीत दडपायचा नाही, हे आम्हाला पहिल्यांदा शिकवलं. पावती सापडली की तिथून हलवायचा. मूर्तीचंही तसंच करा. मूळ दगड एका रंगात, उलटवून भरलेलं दुसऱ्या, निव्वळ अंदाज तिसऱ्या. १९६४ च्या व्हेनिस सनदेतही हेच आहे की नव्याने भरलेला भाग मूळ भागाहून वेगळा ओळखू आला पाहिजे. तीन रंगांची मूर्ती फोटोत सुंदर दिसणार नाही. न दिसो! असं चित्र अभ्यासाचं, देव्हाऱ्यात लावायचं नाहीच.

भद्रावती राजूरहून फार लांब नाही. घरची मुलं तिथे किंवा आणखी कुठे जुन्या मूर्तींचे फोटो काढणार असतील, तर परवानगी घेऊन आधी आसन आणि त्यावरचा लेख नीट टिपायला सांगा. चेहरा सगळेच काढतात.